दहा हजार नाणेफेकी

वाशीच्या कॉलेजात, संख्याशास्त्र विभागात
मी, हिराजी कडू, एकतीस वर्षं शिपाई.
कपाटात एक डबा: फासे, लाल-पांढऱ्या गोट्या
आणि चार आण्यांचं एक नाणं,
बाजारातून उठलेलं, विभागात चालणारं.

टिपणीस सरांनी ते हातात दिलं एका मे महिन्यात.
"उडव. लिही. दहा हजार वेळा."
पंखा बंद, वारा मध्ये पडू नये म्हणून.
छापा, काटा, काटा, काटा, छापा.
एकदा ते टेबलाखाली गेलं
नि भिंतीला टेकून उभंच राहिलं.
सर म्हणाले, हे धरू नकोस.
धरलं नाही. पण वहीच्या कडेला पेन्सिलीची
एक बारीक उभी रेघ आहे अजून.

छापे भरले पाच हजार एकोणचाळीस.
"संभाव्यता म्हणजे ही लांबलचक ओळ, हिराजी.
एकट्या फेकीला ती नसते."

दारातून जुवेकर मॅडम:
"ओळ संपते कधी? तुम्ही रिटायर झाल्यावर?"
मग माझ्याकडे वळून,
"पुढच्या फेकीवर किती लावशील? खिशातले, खरे?
तेवढीच ती. नाण्यात नाही, तुझ्यात."

वारियर सर डबा उघडता उघडता म्हणत,
शून्याखाली जाऊ नका, सगळं मिळून एक ठेवा,
वेगळं असेल त्याची बेरीज करा.
अर्थ कशाला पाहिजे?

परदेशात म्हणे याच भांडणापायी
एका इमारतीत दोन मजले झाले, चहाच्या वेळाही दोन.
आमच्याकडे किटली एकच होती.

मग सिडकोची सोडत निघाली.
घरं उलव्यात, खाडीच्या अंगाला,
जिथं माझा बाप मिठागरात पाणी वळवायचा.
आगर दुसऱ्याचं. सातबाऱ्यावर आम्ही नव्हतो,
म्हणून साडेबारा टक्क्यांतही नव्हतो.

अर्ज भरला आणि तिघांना विचारलं, लागेल का?

टिपणीस सर बराच वेळ गप्प.
"तुला उभा कुठल्या ओळीत करू?
अर्जदारांच्या? अल्प उत्पन्नवाल्यांच्या? शिपायांच्या?"
चौथी ओळ मी मनातच धरली.
तिची वही कुणी ठेवलेली नव्हती.

मॅडमनी या वेळी विचारलं नाही, किती लावशील.
अनामत कशी भरली ते त्यांना ठाऊक होतं:
बायकोची बोरमाळ.

वारियर सरांनी कागदावर भागाकार केला,
घडी घालून माझ्या खिशात सरकवला.

बेलापूरला पडद्यावर संगणकानं नंबर फेकले.
एकदाच.
तो कागद मी अजून उघडलेला नाही.

घर लागलं म्हणून कोण बरोबर ठरलं
ते तिघांनाही सांगता आलं नाही,
आणि पेढे मात्र तिघांनी खाल्ले.

आता भरतीला ओल तळमजल्याच्या भिंतीत चढते,
रंगाचा पोपडा सुटतो, आत मीठ फुटलेलं असतं.
नखानं थोडं काढून मी जिभेवर ठेवतो.
बाप असता तर म्हणाला असता,
यंदा लवकर पिकलं.