सुटा न

गुरुवारी सहा वाजता कमाटीबागेत
बँडस्टँडमागच्या बाकावर आमचं कोर्ट भरतं.
खानविलकरांचा मोबाइल थर्मासला टेकवून उभा,
आवाज पूर्ण.
सहावा भाग. पाद्र्याचा कंपाउंडर,
डॉक्टरांच्या चहात त्यानं काही घातलं
की नाही घातलं.
सांगणाऱ्या मुलीचा आवाज असा
की तिनं वीजबिल वाचलं तरी
कुणीतरी गेलंय असं वाटावं.

हर्षिदाबेन म्हणतात, यानंच केलंय.
तीन दिवस पोलिसांकडे फिरकला नाही, ते का?
खानविलकर म्हणतात, मग डॉक्टरीणबाईंचं काय,
विमा कुणाच्या नावावर होता?
दिघ्यांची ऋजुता, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला,
चप्पल काढून पाय वर घेऊन बसलेली, म्हणते:
त्याचं आडनाव पहिल्या मिनिटात सांगितलं,
वस्तीचं नावसुद्धा.
बाईंचं आडनाव कुणाला आठवतंय?
त्यांची फक्त डिग्री.
सगळे आठवू लागतात.
तेवढ्यात गाद्यांची जाहिरात.

मग मला विचारतात. कारण मी न्यायमंदिरात
एकोणतीस वर्षं साक्षी टाइप केल्या,
सुरसागराकडच्या खिडकीखाली.
तुम्ही तर किती खुनी पाहिले असतील!
पाहिले नाहीत. आरोपीच्या पिंजऱ्याकडे माझी पाठ असायची.
ऐकले.
आणि माझ्या मशीनवर गप्प बसण्याला कळ नव्हती.
साक्षीदार थांबला की मी थांबायची,
कागदावर मात्र दोन वाक्यं शेजारी शेजारी,
जणू एका श्वासात बोलला.
इथे कंपाउंडर थांबतो
तर खालून तंबोऱ्यासारखं काही घुमू लागतं
आणि हर्षिदाबेन माझा हात दाबतात:
बघितलं? बघितलं ना?

अठ्ठ्याऐंशी साल. मार्च. पंखा बंद.
शिनोरकडचा एक मराठी रखवालदार साक्षीला आलेला.
म्हणाला, साहेब, तो तिथं नव्हता.
साहेबांनी गुजरातीत सांगितलं, मी मारलं.
गुजरातीत तो न सुटा लिहितात.
न, मग मोकळी जागा, मग हतो.
मुंगीएवढा न, आणि रिबन जुनी.
खाली 'वाचून दाखवले, बरोबर आहे'.
ही ओळ माझे हात माझ्याशिवायच टाइप करायचे.
त्यानं अंगठा दिला.
शाई पुसायला मी त्याला चिंधी दिली.

त्या दुसऱ्याला सात वर्षं झाली.
निकाल मी कँटीनमध्ये ऐकला, सेव-उसळ खाताना,
आणि अजून एक पाव मागवला.
रात्री अडीचला उठून बसले.
तो न मी मारला होता का?

रेकॉर्डरूम जिन्याखालीच होती.
किल्ली चिंतुभाईंकडे, एका चहावर मिळाली असती.
गेले नाही. पहिल्या वर्षी वेळ नव्हता,
नंतर वेळ होता.
पुढे टेम्पो भरभरून सगळं दिवाळीपुऱ्याला गेलं.
मी रिटायर झालेली, तरी मुद्दाम जाऊन उभी राहिले
आणि गाठोडी मोजली. कशासाठी, माहीत नाही.

ऋजुता वहीत रेघा ओढते आहे.
दोषी दोन, संशयाचा फायदा एक.
तुमचं काय, टायपिस्टबाई?
फाटकावरच्या माणसाची शिट्टी वाजते.
खानविलकर म्हणतात, पुढच्या भागात
म्हणे त्याची आई बोलणार आहे.
हर्षिदाबेन म्हणतात, आई काय बोलणार,
आईसारखंच बोलणार.

मी थर्मासचं झाकण फिरवते.
बोट त्यावर एकदा टक् करून आपटतं.
काही म्हणालात?
नाही, मी म्हणते,
न नीट उच्चारून.