प्रश्न सातवा

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला कोडं हवं होतं.
दहा फोटो, दहा जागा, सगळ्या नवी मुंबईतल्या.
करतो म्हटलं. निवृत्त माणसाला
नाही म्हणायला कारण लागतं.

नियम माझे मीच केले.
पाटी नको. दुकानाचं नाव नको.
रिक्षाचा नंबर नको.
वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक तर नकोच,
त्यावरून वॉर्डही कळतो आणि साहेबांचं वयही.
मागे पारसिकचा डोंगर आला तर कापायचा.
आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच.

हा शेवटचा नियम लिहिताना मला हसू आलं.
ब्याऐंशी साली, बेलापूरच्या हापिसात
दोन मजली, बी-टाइप इमारत
मी ट्रेसिंग पेपरवर एकदाच काढली होती.
पुढे ती नुसती छापत गेलो.
अमोनियाचा वास अजून नाकातून जात नाही.
तोच जिना, तीच सिमेंटची जाळी, तोच कापलेला कोपरा
आधी वाशीला, मग नेरूळला, मग कोपरखैरण्याला.

आता त्याच कोपऱ्यांना
मी विचारत हिंडत होतो, सांगा, तुम्ही कोण?

लोकांनी बरीच मदत केली होती म्हणा.
कुणी ग्रिल पोटासारखी पुढे काढली होती,
कुणी भिंतीचा आपल्यापुरता अर्धा भाग
पिस्ता रंगवून घेतला होता.
एका गच्चीवर कोंबडा.
"रिडेव्हलपमेंटचे का?" प्रत्येक गेटवर हेच.
कोडं आहे म्हटलं की माणसं जास्तच संशयाने बघत.

उत्तरं आली. सातव्याला दोन आली.

फोटो असा: कापलेला कोपरा, कुंपणाची भिंत,
कुणीतरी स्कूटर धुतलेली, तिचं पाणी, बस.
इंदुमती ठोंबरे म्हणाल्या, नेरूळ.
पुरावा म्हणून मुलाचा तिथलाच, सायकलसकटचा फोटो आणला.
पिल्लै सर म्हणाले, कोपरखैरणे.
या कोपऱ्यावर मी कंपनीच्या बसची
एकोणीस वर्षं वाट पाहिली आहे,
तुम्ही मला काय सांगता?

मी काहीच सांगत नव्हतो.
त्या दिवशी मी दोन्हीकडे गेलो होतो
आणि टिपणवही घरी राहिली होती.

हिरू मढवी रोज पेपर वाचायला येतात.
कोड्याबिड्यात पडत नाहीत.
फोटो टेबलावर होता, चष्मा वर करून बघितला.
"पानी बगा," म्हणाले.
"यो पानी तुमचे उताराला नाय गेला.
खालती आमचा बांद हाय."

मी बघितलं.
नकाशात उतार उजवीकडे होता, दोनशेला एक.
बाण मी स्वतः काढला होता, पट्टी लावून.
फोटोतलं पाणी डावीकडे वळून
एका लांब, किंचित वाकड्या रेघेला
टेकून उभं होतं.

"जागेचं नाव काय लिहू?"
"थोरली खाच. आजाची."
"म्हणजे कुठल्या सेक्टरात?"
"ता तुमी सांगा," ते म्हणाले, "वाटनी तुमी केली."
आणि क्रीडा पानाकडे वळले.

मी पिल्लै सरांना पूर्ण गुण दिले.
ठोंबरेबाईंना अर्धा, सायकलीसाठी.
मढवींनी कागद भरलाच नव्हता.
थर्मास तिसऱ्याच कुणालातरी गेला,
दहापैकी नऊ, सातवा रिकामा सोडलेला.

पुढच्या वर्षी पुन्हा कोडं मागतील.
नियमांत एकच भर घालायची आहे:
फोटो काढण्याआधी
जागेवर बादलीभर पाणी ओतून
जरा थांबायचं.