चौकट

एका घरामागे अठरा रुपये मिळतात मला,
फॉर्म पूर्ण भरला तर.
अर्धवट फॉर्मचं काही नाही.
म्हणून देवगडच्या खाडीपलीकडे, तारींच्या खळ्यात,
चपला काढायच्या आधीच मी विचारते :
महिन्याचं उत्पन्न?

निमिषाची आई पदराला हात पुसते, हिशेब लावते.
घरकार ट्रॉलरवर. वाटा आला तर आला,
बारा महिन्यांवर पसरून धरायचे नऊ हजार.
तिची पाटी, बाजारात बसून, तीन हजार चारशे.
आणखी?
"आणखी दीड हजार. ता असाच, काय काय."

टॅबवर हिरवी खूण उमटते.
तेरा हजारांच्या वर. हे घर गरीब नाही.
खाली यंत्र मला धन्यवाद म्हणतं.

पुढचं घर वर, चढणीला.
मी उठणार, तर निमिषा पाणी घेऊन येते.
वय अकरा. फॉर्ममध्ये तिची जागा एवढीच :
'घरातील एकूण व्यक्ती चार', त्यातली एक.
पाणी मचूळ. मार्च सरला की विहिरीत खाडी शिरते.
पाण्याचा स्रोत मी मघाशीच भरलाय : विहीर, स्वतःची.
चवीला रकाना नाही.

पेला देताना तिची बोटं दिसतात.
टोकं पांढरी, सुरकुतलेली,
न्हाणीत विसरलेल्या साबणाच्या वडीसारखी,
आणि नखांच्या कडा गेलेल्या.
सुंगटं, ती म्हणते. बर्फातली.
पहाटे चारला शेडवर बसायचं, सोलायची,
टपाला वीस रुपये.
किलोत किती बसतात ते ती न बघता सांगते.
सातचा पाढा मात्र बेचाळीसला अडतो.

शाळेत जातेस ना?
जाते की.
पटावर ती रोज आहे. बाकावरही असते.
फक्त दुसऱ्या तासाला डोकं टेकतं,
आणि गुरुजी उठवत नाहीत.
चांगले आहेत गुरुजी, ती म्हणते.

तेव्हा मला ते दीड हजार कळले.
मी पुन्हा बेरीज केली, बोटांवर, यंत्राला न दाखवता.
ही पोर वजा करा :
बारा हजार चारशे.
म्हणजे रेषेच्या वर हे घर
हिनेच उचलून धरलंय,
रोज पहाटे चार ते साडेसहा,
आणि घर वर आहे म्हणून
हिला काही मिळायचं नाही.

शेवटी 'शेरा' असतो. चाळीस अक्षरांची जागा.
मी लिहिते :
मुलगी पुरेशी झोपत नाही. पाणी मचूळ. हाताची बोटं रोजच बर्फानं खा
इथे यंत्र थांबतं.

निघताना तोल सावरायला चौकटीला हात लावला
तर हाताखाली पेन्सिलीच्या रेघा.
दर चवथीला आई पोरांना इथे उभं करते,
टाचा टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून.
धाकट्या पारसच्या रेघा शिडीसारख्या चढल्यात.
निमिषाच्याही चढतात, नवव्या वर्षापर्यंत.
मग दोन सालं एकाच रेघेवर.
दुसऱ्या सालाला जागाच उरली नव्हती,
ते बाजूला लिहिलंय, बारीक अक्षरात.

मी वाकून बघते.
आई माझ्याकडे बघते.
"पावसात चौकट फुगता," ती म्हणते,
"म्हणान तसा दिसता."

मागे निमिषा रिकामा पेला धरून उभी,
सरळ, टाचा टेकवून.

होय तर, मी म्हणते.
फुगता.