केर्तेस अँड सन्स

टोलेडोत, मॉमी नदीच्या काठी,
चोवीस वर्षं कुलूप खाल्लेल्या मासळीबाजाराची
उत्तरेकडची भिंत माझ्या वाट्याला आली आहे.
काम असं: जुनी अक्षरं पुन्हा रंगवायची,
पण ती नवी दिसता कामा नयेत.
कंपनीच्या ब्रिनबाईंनी छटांची पट्टी दिली,
त्यातल्या एकीचं नाव ‘ओसरता निळा’.
म्हणाल्या, सत्तर वर्षांचं ऊन खाल्ल्यासारखं करा.
मी म्हटलं, सत्तर वर्षांच्या उन्हाचे पैसे वेगळे पडतील.
त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.

खाली काम जोरात.
बर्फाच्या लाद्या फुटायच्या तिथे आता बार,
लिलावाच्या ओट्यावर ड्रमसेट,
आणि रक्तपाणी वाहून नेणारी लोखंडी जाळी
काचेखाली ठेवून वर दिवा सोडलाय.
इतकं कौतुक गटाराच्या बापजन्मी झालं नसेल.

खोटं कशाला बोलू, मला आवडतंय.
इतकी वर्षं या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर
फक्त सिग्नल बदलायचा,
कुणासाठी, त्यालाच ठाऊक.
परवा एक पोरगी कठड्यावर बसून
आइस्क्रीम खात पाय हलवत होती.
नदीनेही बऱ्याच दिवसांनी पाय पाहिले असतील.

मंगळवारी ‘केर्तेस अँड सन्स’पर्यंत पोचलो.
मूळ रंगाऱ्याला जागा पुरली नव्हती:
शेवटचं अक्षर विटेच्या कडेला
अंग चोरून उभं.
फटकारे उलट्या बाजूने झुकलेले. डावखुरा असावा.
मी शिडीवरून त्याच्याशी थोडं बोललो,
माझ्या धंद्यात बोलायला मिळतात ते असेच.

तेवढ्यात खालून आवाज:
‘सन्स? कुठले सन्स?’
चाकांचा वॉकर, लाल टोपी, वय पंच्याऐंशीच्या पुढे,
पिरोश्का केर्तेस.
‘आम्ही तिघी बहिणी. भाऊ एकही नाही.
बाप म्हणायचा, पोरींच्या नावावर उधार कोण देतं?
ही पाटी लागली आणि दुसऱ्या दिवशी बर्फवाल्याने वही उघडली.

मार्चात वॉलआय नदी चढून यायचे,
पहाटे चारपासून पोटं फाडायचो आम्ही.
सन्स वर, भिंतीवर. कोरडे.
एर्जी, धाकटी, बोटं बधिर झाली की रडायची.
आई म्हणायची, जा, भावांना सांग.’

मी ब्रिनबाईंना विचारलं.
त्यांनी फोटो दाखवला, एकोणीसशे एक्कावन्नचा.
‘फोटोत सन्स आहेत,’ म्हणाल्या,
‘परवानगी फोटोप्रमाणे आहे.’
हे पिरोश्काला सांगायला मला जड गेलं.
ती मात्र म्हणाली, ‘पुसू नकोस रे.
जन्मभर फुकट खाल्लं मेल्यांनी,
आता उभे राहू देत उन्हात.’

शनिवारी उद्घाटन. दिव्यांच्या माळा, रांगा,
कुत्र्यांच्या गळ्यातही रिबिनी.
पिरोश्काने मासा मागवला,
आणि वेटरला म्हणाली, कल्ला उघडून दाखव.
ताटातल्या चौकोनी तुकड्याला कल्ला नव्हता.
वेटर, तिशीतला, घामाघूम,
आत जाऊन स्वयंपाक्यालाच घेऊन आला.
दोघांना तिने अर्धा तास उभं धरलं,
बोटाने हवेत मासा काढून
सुरी कुठून घालायची ते दाखवत.
मागे बॅन्ड वाजत होता. ते ऐकत होते.

मी भिंतीकडे पाहिलं.
केर्तेस फिकट. सन्स त्याहून फिकट,
जणू असून नसल्यासारखे.
मधला ‘अँड’ मात्र मी
डब्यातल्या ताज्या निळ्यात ठेवलाय,
न झिजवता.
ब्रिनबाईंच्या अजून लक्षात आलेलं नाही.
ऊन काय ते बघून घेईल,
सावकाश,
त्याचे पैसे आधीच बिलात लावलेत.