खिळा

उदगीरला गेलो तेव्हा मार्च सरत आला होता.
तोंडारे दालमिलची किंमत काढायची होती,
घेणारी कंपनी नागपूरची, घाई तिची,
माझ्याकडे चौदा पानांचा तक्ता.

एलेव्हेटर दोन. पॉलिशर एक, घसारा वजा जाता.
कलर सॉर्टर, बँकेकडे तारण.
तूर अकराशे पोती,
चुनी, कणी, बारदाना वेगळा मोजला.
सगळं आपापल्या रकान्यात बसत गेलं
आणि ऑफिसच्या दाराशी, भिंतीत,
हा चार इंची खिळा.
त्यात टोचलेल्या चिठ्ठ्या,
भाकरीच्या चवडीएवढ्या.

वरची वाचली :
‘काल तेल जादा लागलं. सात पोती काळवंडली. मी होतो. गफूर.’
तिच्याखाली पेन्सिलनं, शाळकरी अक्षरात :
‘आई सांगते ते लिहिते. चाळणी फाटलेली तिला दिसली,
ती गप बसली. सुंद्राबाईकडून, लेक वंदना.’
आणखी खाली, वहीखात्याच्या वळणाची शाई :
‘पडत्या बाजारात बीदरच्या पार्टीला जुना भाव लावला.
चूक नव्हती, लोभ होता. वी. तों.’

वी. तों. म्हणजे वीरभद्रअप्पा. मालक.

त्यांना विचारलं, हे कोणत्या खात्यात टाकू?
अप्पा हसले नाहीत. कपाळावरचं भस्म घामानं ओलं.
म्हणाले, "खिळा वडलांनी ठोकला.
गैरहजेरीच्या नोटिसा अडकवाया, रागारागानं.
मग एका रातीला त्यांच्याच हातून पट्टा तुटला,
माणूस थोडक्यात वाचला.
सकाळी पहिली चिठ्ठी त्यांची.
तवापासून, ज्यानं लावली त्याला बोलायचं नाही.
शनिवारी च्या पिताना वाचायची. बास."

"आणि कुणी लावलीच नाही तर?"

"लावत्यात की," अप्पा म्हणाले,
तूर उन्हात वाळते का, असं मी विचारल्यासारखं
माझ्याकडे बघत.

तक्त्यात शेवटचा रकाना होता, ख्याती.
त्यात सूत्रानं येतं तेवढंच येतं :
तीन वर्षांचा सरासरी नफा, गुणिले दोन.
मी गुणिलं.
बरोबर आलं.

पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं मला,
माल परत येतोय म्हणून.
सोलापूरहून दोन गाड्या, रायचूरहून एक,
डाळीत खडा, डाळीत ओल.
भिंतींना पिस्ता रंग लागला होता.
दाराशी फ्रेम : आमची मूल्ये.
पाचांतलं पहिलं पारदर्शकता,
काचेवर डाळीचा पिवळा भुरका.

"खिळा ना? रंगवाल्यांनी उपटला," नवा मॅनेजर म्हणाला.
"आता चुकीचा फॉर्म असतो, तीन सह्यांचा.
गेल्या सहा महिन्यांत एकही नाही आला."
त्या शून्याचा त्यानं आलेख काढून लावला होता.

गफूर पोत्याचं तोंड शिवत बसला होता.
केस पिकलेले, की भुरका, कळेना.
चुका थांबल्या म्हणे, मी म्हणालो.
त्यानं सुतळी दातानं तोडली.
"फारमावर पगार कापत्यात, साहेब.
आमी कशाला चुकतो आता?"
दाभण पुन्हा गोणपाटात गेलं.

परत निघताना दाराशी थांबलो.
रंगाखाली बोट फिरवलं,
भोक लागलं हाताला, लांबी नीट भरली नव्हती.
मग खिशातल्या पावतीच्या पाठीवर लिहिलं :
‘किंमत काढताना एक वस्तू सोडली. मी होतो.’
खाली नाव. तारीख.
अडकवायला काही नव्हतं,
म्हणून गफूरपुढं धरली.

त्यानं कागद उलटा पकडला, सरळ केला,
मॅनेजरच्या काचेकडे बघितलं
आणि परत दिला.

"मला वाचाया येत न्हाई, साहेब."