वेगवेगळ्या पावत्या

पहिली पट्टी दोन हजार अठराची. हिरवी, आठ जीबी,
लॅमिंग्टन रोडला मुर्तझाभाईंच्या पोटमाळ्यावरून आणलेली.
तेव्हा दुकानाच्या पाटीवर दोन नावं होती,
माझं आणि रेवणनाथचं.
पावती त्याच्या नावाची, पैसे अर्धे अर्धे.

दुसरी परवाची. काळी, डोक्यावर पत्र्याचा तुरा,
आठच जीबी, पण चाल वेगळी.
मुर्तझाभाई म्हणाले, तेव्हाच जोडी घेतली असती
तर एका घाण्यातली मिळाली असती.
आता कंपनी वेगळी, चिप वेगळी, वर्ष वेगळं.
लागेल. नाही लागली तर आणा परत,
खोका मात्र फाडू नका.

खोका मी ग्रँट रोडच्या पुलाखालीच फाडला.

विक्रोळी, कन्नमवार नगर, तळमजला.
लग्नाचे चार अल्बम अडकलेले.
भोईरांच्या नवरीचा चेहरा उजळायला घ्यावा
की पडदा गोठतो, ऐन हळदीत.
झाकण काढलं. धूळ, झुरळाचा एक पंख,
रेवणनाथच्या अक्षरातली चिकटपट्टी: हात लावू नये.
दुसऱ्या खाचेत काळी दाबली,
खाचेचे दोन्ही कान खट्कन मिटले.
बटण.
तीन लांब शिट्ट्या. पंखा फिरतोय, पडदा काळा.

हिरवी एकटी लावली, चालू.
काळी एकटी लावली, चालू.
दोघी मिळून, शिट्ट्या.
हे मी आधी पाहिलंय,
पण ते इथे काढायचं नाही.

लेकीचा खोडरबर घेतला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा,
हिरवीचे सोनेरी दात घासले,
इतक्या वर्षांचा मळ रबराला लागला.
काळीचेही घासले, गरज नसताना,
एकीला न्हाऊ घातलं की दुसरीचा रुसवा नको.

मग झाला चालू.
पडद्यावर सोळा. मी मोठ्याने म्हणालो, सोळा!
बायको आतून, सोळा हजार?

रात्रभर तपासणी लावली.
लिही, वाच, ताडून बघ, पुन्हा लिही,
कोपऱ्यात आकडे सरकताहेत, मी स्टुलावर पेंगतोय.
तीन वाजून दहा मिनिटांनी एक लाल ओळ.
अब्जावधी घरांतलं एक घर,
ठेवला होता एक, सापडला शून्य.
एवढ्याने काय होतं?
एवढ्याने पहिल्या पानावर चि.च्या जागी कै. येऊ शकतं
आणि भोईर दारात.

सकाळी रेवणनाथला फोन लावला. नालासोपाऱ्याला,
त्याच्या स्वतःच्या दुकानात. तीन वर्षांत पहिला.
म्हटलं, दोन पट्ट्या, एक लाल ओळ.
तो हॅलोसुद्धा म्हणाला नाही.
बायोसमध्ये जा. नवीची घाई काढ,
जुनीच्या पावलाने चालव.
मग जरा थांबून, जुनी म्हणजे आपली हिरवी का?
म्हटलं, हो.
ती चोवीसशेच्या वर कधी गेलीच नाही.
नंतर दोघंही गप्प.
मागे त्याचा प्रिंटर पान ओढत होता,
ओढून झाल्यावरही फोन कुणी ठेवला नाही,
मग गिऱ्हाईक आलं. त्याच्याकडे.

चोवीसशेवर आणलं.
बत्तीसशेची काळी निमूट चालली,
चरफडली असेल तर आतल्या आत.
दुसरी रात्र, एकही लाल ओळ नाही.
मी तरीही उठून दोनदा बघितलं.
भोईरांची नवरी उजळली, हळदीसकट,
जरा जास्तच, तिच्या आईने कमी करायला लावली.

पावत्या एका टाचणीत लावायला घेतल्या.
त्याची फिकी पडलीय, शाई उडून नुसतं नाव राहिलंय,
रक्कम वाचता येत नाही.

खोडरबर न पुसताच कंपासपेटीत परत गेला होता.
लेक चुकलेलं सत्तावीस खोडायला गेली
आणि सगळ्या गणितावर काळा फराटा.
बाईंनी तांबड्या शाईत लिहिलंय, टापटीप नाही,
पालकांनी सही करावी.
वही नाकाशी धरली.
स्ट्रॉबेरी, आणि खाली कुठेतरी
लॅमिंग्टन रोडचा तो पोटमाळा.
सही केली.