लोण

कबड्डीच्या मैदानासाठी पेणहून माती मागवली होती,
तांबडी, चाळलेली, मीठ मारलेली.
ती अजून शाळेमागे नाल्याच्या कडेला ढिगानं पडून आहे.
ढिगावर कुणीतरी काडीनं लिहिलंय : कस्तुरी मढवी, नववी ब.
बळीरामनं तेवढी बाजू सोडून पाणी मारलं.

गोठिवलीत बातमीला फोन लागत नाही.
पहाटे दूधवाल्यानं माझ्या दारात गाडी बंद केली.
एरवी तो चालू ठेवतो.

डेंग्यू. नऊ दिवस. वाशीचं रुग्णालय, तिसरा मजला.
प्लेटलेट द्यायला आठवीचे बाप, दहावीच्या आया,
रबाळ्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून तसेच आलेले,
डोळे लाल, बाह्या वर.
नववी ब-च्या फळ्यावर कोपऱ्यात रोज आकडा यायचा,
सुविचाराच्या खाली :
एकवीस हजार. चौतीस. एकोणतीस.
गुरुवारी कुणी लिहिलाच नाही
आणि भूगोलाच्या बाईंनी तो कोपरा सोडून नकाशा काढला.

शोकसभेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, सर, तुम्ही दोन शब्द बोला.
मी पीटीचा मास्तर. मला शिट्टी वाजवता येते.
माईक धरला आणि म्हणालो,
"ती उजव्या कोपऱ्यात उभी राहायची."
पुढचं आलं नाही. उतरलो.
नंतर कुणी म्हणालं, वाक्य अर्धंच राहिलं.
मला तसं वाटत नाही.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई आली,
मासळीची पाटी फाटकाबाहेर ठेवून.
पिशवीतून दोन नीकॅप काढले,
धुतलेले, इस्त्री केलेले.
इस्त्रीनं इलॅस्टिक एका जागी जळून चिकटलं होतं.
"सर, हे शालंचं हाय. मोजून घ्या."
मी मोजले.
दोन वस्तू मोजायला किती वेळ लागतो,
तेवढा वेळ आम्ही दोघं उभे होतो.

या खेळात मेलेला उठतो.
वीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलोय :
बाद झालास तर रांगेत बस, तोंड पाडू नकोस,
आपला कुणीतरी त्यांचा गडी मारेल
आणि तू जिवंत होशील.
पाचवीतला यक्षित भोईर सरावाला येऊन विचारतो,
"सर, कस्तुरीताईला उठवायला किती मारावे लागतील?"
मी त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या.
दुसऱ्या फेरीला मीही त्याच्या मागे पळत होतो.
पोट सुटलंय माझं, धाप लागली,
ते बरंच झालं. धाप लागलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

कोपरखैरण्याला आंतरशालेय सामने होते.
नाव मागे घेऊ म्हटलं तर पोरी बोलल्याच नाहीत,
बुटांच्या नाड्या बांधत राहिल्या.
उजव्या कोपऱ्यात धनश्री उभी केली,
नवीन, आठवीतली, हडकुळी.
ती कोपऱ्यात नव्हतीच, कोपऱ्यापासून हातभर आत होती,
कुणी झोपलेलं असावं आणि पाय लागू नये तशी.
त्या हातभर जागेतून समोरच्यांनी आम्हाला सोलून काढलं.
पूर्वार्धातच लोण चढला.
साती जणी बाहेर, रांगेत, मान खाली.

आणि मग नियमाप्रमाणे साती उठल्या.
गुडघे झटकत, नाक पुसत, आपापल्या जागी.
मी मोजलं. सात.
पुन्हा मोजलं.

समोरची चढाईला निघाली, दम धरून,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
बारीक, न तुटणारा आवाज.
धनश्रीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
मी काही खूण केली नाही, आईशप्पथ,
खिशात जळक्या इलॅस्टिकवर अंगठा फिरवत होतो फक्त.
ती एक पाऊल बाहेर सरकली.
मग अर्धं.